टपावर बसलेले शिपाई : पायदळाच्या लढाऊ गाडीचा इतिहास



आज आपल्याला एका गाडीविषयी बोलायचे आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी लढाऊ गाडीवर व्याख्यान द्यावे, याचे काही जणांना नवल वाटेल. त्याचे कारण सांगून टाकतो आणि मग विषयाकडे वळतो. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारत आलो : एखादी वस्तू कशासाठी आहे, हे कोण ठरवतो? ती घडवणारा, की ती वापरणारा? सुरी आणि खुर्ची घेऊन हा प्रश्न फार पुढे जात नाही. खुर्ची चुकीच्या कामाला वापरली तर फार तर तिचा पाय मोडतो. पण जिथे घडवणारा शेकडो मैल दूर आहे आणि वापरणारा त्या वस्तूच्या पोटात बसून गोळ्या झेलतो आहे, तिथे या प्रश्नाला धार येते. म्हणून ही गाडी.

अफगाणिस्तानात १९७९ ते १९८९ या काळात सोव्हिएत सैन्य होते. त्या युद्धाची छायाचित्रे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. डोंगरातला धुळीचा रस्ता, त्यावरून चाललेली चिलखती गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीच्या टपावर बसलेले पाच-सात शिपाई. आपल्याकडे जत्रेच्या दिवसांत लोक एसटीच्या टपावर बसत, तसे. पण एसटीत आत जागा नसायची म्हणून माणसं टपावर चढायची. इथे आत जागा रिकामी होती! बाहेर डोंगरावर बंदूकधारी लपलेले, पायाखाली पोलादाची गाडी, आणि तिच्या आत जायला शिपाई तयार नाहीत. असं का व्हावं? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी ही गाडी म्हणजे नेमके काय ते पाहू, कारण बातम्यांमध्ये पट्ट्यांवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला 'रणगाडा' म्हणायची पद्धत आहे. रणगाड्यात मोठी तोफ, जाड चिलखत आणि तीन-चार माणसे असतात; ती सगळी रणगाडा चालवण्यात आणि लढवण्यात गुंतलेली. दुसरा प्रकार चिलखती वाहकाचा. शिपायांना आत बसवायचे, लढाईच्या कडेपर्यंत आणून सोडायचे आणि मागे सरायचे. अमेरिकी सैन्यातल्या एम-११३ या गाडीला तर 'रणांगणावरची टॅक्सी' असेच म्हणत. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा : पायदळाची लढाऊ गाडी. ही शिपायांना आणून सोडते, आणि मागे न जाता स्वतःच्या तोफेने त्यांच्याबरोबर लढते. वेळ पडली तर शिपाई न उतरता आतूनच लढतात, अशीही तिच्यामागची कल्पना. वाहक आणि लढवय्या ही दोन कामे एकाच पोलादी पेटीत घालायची. पुढची सगळी भानगड त्यातून निघाली.

पण मुळात अशी गाडी हवी कशाला? रणगाड्याला जवळचे दिसत नाही. खंदकात, झुडपात, घराच्या खिडकीत दडलेला एक शिपाई खांद्यावरून डागायच्या अस्त्राने त्याला जाळू शकतो. त्या शिपायाला हुडकायला पायदळच लागते. आणि पायदळाची अडचण अशी की ते रणगाड्याच्या वेगाने चालू शकत नाही, आणि मशीनगनपुढे उघड्यावर टिकत नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे आणि दोघांची चाल जुळत नाही.

यावर पहिला तोडगा पहिल्या महायुद्धातच निघाला. ब्रिटिशांनी १९१८ मध्ये मार्क नाइन नावाची गाडी बनवली, तीस शिपाई आत बसतील अशी. तिच्या बाजूंना बंदुकीची नळी बाहेर काढायला छिद्रेही होती. गडकोट हिंडलेल्या मंडळींना तटातल्या जंग्या ठाऊक आहेत. त्याच जंग्या, फक्त पोलादात. या गाड्या तयार होईपर्यंत युद्ध संपले आणि अवघ्या ३४ बनल्या. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमियाँच्या लढाईत लांब केलेल्या रणगाड्यांतून शिपाई नेऊन पाहिले होते. इंजिनाचा धूर आणि उष्णता यांनी आतली माणसे इतकी आजारी पडली, की उतरल्यावर लढण्याच्या अवस्थेत राहिली नाहीत. म्हणजे या कल्पनेच्या जन्मापासूनच एक गोष्ट दिसते. माणसाला पेटीत घातले की तो गोळीपासून वाचतो, आणि पेटीच्या तावडीत सापडतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि अमेरिकी सैन्यांनी पुढे चाके आणि मागे पट्टे अशा अर्ध्या-पट्ट्याच्या गाड्या वापरल्या, वरून उघड्या. कॅनडाचे जनरल गाय सायमंड्स यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत तोफगाड्यांवरच्या तोफा काढून टाकल्या आणि त्या जागी शिपाई बसवले. या गाड्यांना पुढे 'कांगारू' हे नाव पडले. आणि सोव्हिएत सैन्य? त्यांच्याकडे अशा गाड्या फारशा नव्हत्या. त्यांचे शिपाई सरळ टी-३४ रणगाड्याच्या पाठीवर बसत, कठड्याला धरून, आणि शत्रूजवळ पोचले की उड्या टाकत. त्यात माणसे अतोनात मेली. हे चित्र लक्षात असू द्या. चाळीस वर्षांनी त्यांचीच नातवंडे अफगाणिस्तानात पुन्हा टपावर बसणार आहेत, आणि तेव्हा आत बसायची सोय असताना.

युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने वाहक गाड्या बनवल्या. त्यातली बीटीआर-१५२ वरून उघडी होती. १९५६ मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर वरच्या मजल्यांवरून पेटत्या बाटल्या त्या उघड्या गाड्यांत येऊन पडल्या, आणि नंतर तिला छत आले. पण त्या वेळच्या सोव्हिएत सेनानींच्या डोक्यात बुडापेस्ट नव्हते. त्यांच्या डोक्यात अणुबॉम्ब होता.

प्रत्येक यंत्रात एक वाक्य अध्याहृत असते, असे आम्ही मानतो. छत्रीत 'पाऊस येईल' हे वाक्य असते. या गाडीतले वाक्य असे होते : पुढचे युद्ध युरोपच्या मैदानात होईल, ते अण्वस्त्रांनी सुरू होईल, जमीन आणि हवा दूषित असेल, आणि आपल्याला त्या दूषित पट्ट्यातून न थांबता पश्चिमेकडे धावायचे आहे. हे वाक्य एकदा मान्य केले की गाडीचा आराखडा जवळजवळ आपोआप तयार होतो. शिपायाने बाहेर पाय ठेवायचा नाही, म्हणून गाडी बंद हवी. आतली हवा गाळून घ्यायची, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे फटीतून धूळ आत येणार नाही. शिपाई उतरणार नाहीत, पण लढले तर पाहिजेत, म्हणून भिंतीत जंग्या हव्यात. पूल उडालेले असतील, म्हणून गाडी पोहली पाहिजे. पोहायचे तर वजन कमी, आणि वजन कमी तर चिलखत पातळ. शत्रूला पटकन दिसू नये म्हणून उंची कमी. एका वाक्यातून दुसरे निघत जाते, तर्कशास्त्राच्या तासाला निघते तसे.

चेल्याबिन्स्क इथल्या ट्रॅक्टर कारखान्याच्या आरेखन विभागात पावेल इसाकोव यांच्या नेतृत्वाखाली ही गाडी आकाराला आली. १९६६ मध्ये सोव्हिएत सैन्याने ती स्वीकारली, आणि ७ नोव्हेंबर १९६७ रोजी मॉस्कोच्या लाल चौकातल्या संचलनात जगाने ती पहिल्यांदा पाहिली. नाव बीएमपी; या तीन रशियन आद्याक्षरांचा अर्थच मुळी 'पायदळाची लढाऊ गाडी' असा. त्याआधी पश्चिम जर्मनीने वीस मिलिमीटरची तोफ असलेली एक गाडी सैन्यात आणली होती, पण ती दोषांमुळेच जास्त गाजली. अण्वस्त्रांच्या युद्धासाठी मुळापासून विचार करून, हजारोंच्या संख्येने बनवलेली पहिली गाडी म्हणजे बीएमपी. एकट्या सोव्हिएत संघात पहिल्या नमुन्याच्या २०,००० हून अधिक गाड्या बनल्या.

आता तिच्या आत शिरू. वजन साधारण १३ टन. त्या काळचा टी-५५ रणगाडा ३६ टनांच्या आसपास, म्हणजे ही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. उंची जेमतेम दोन मीटर. पुढे उजवीकडे ३०० अश्वशक्तीचे इंजिन, डावीकडे चालक, त्याच्या मागे कमांडर. मध्यभागी फिरता बुरूज, त्याला आपण टरेट म्हणतो, आणि त्यात एकटा तोफची. त्याच्या हाताशी ७३ मिलिमीटरची तोफ, एक मशीनगन, आणि तोफेच्या वर बसवलेले 'माल्युत्का' हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. तोफेचा रणगाड्यावरचा उपयुक्त पल्ला सुमारे ८०० मीटर. क्षेपणास्त्र ५०० मीटरच्या अलीकडे निकामी, पण पुढे ३ किलोमीटरपर्यंत जाणारे. दोघांनी मिळून जवळचे आणि लांबचे सांभाळायचे. रस्त्यावर वेग ताशी ६५ किलोमीटर, आणि पाण्यात पट्टे फिरवत ताशी सात-आठ.

आणि मागे आठ शिपाई. दोन बाकांवर, पाठीला पाठ लावून, तोंड भिंतीकडे, कारण भिंतीत जंग्या आहेत. गुडघे पोलादाला टेकलेले. उतरायला मागे दोन दारे. आता नीट ऐका. दोन बाकांच्या मध्ये, म्हणजे शिपायांच्या पाठींच्या मध्ये, मुख्य इंधनाची टाकी. आणि मागची दोन दारे पोकळ, त्यांतही इंधन. म्हणजे पाठीला डिझेल आणि बाहेर पडायच्या वाटेवरही डिझेल!

हे ऐकून आपल्याला वाटते की आराखडा करणारे निर्दय असावेत, निदान निष्काळजी. तसे ठरवण्याची घाई करू नये. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही. गाडी बुटकी ठेवायची, लांब पल्ला गाठायचा, तर इंधन ठेवायला दुसरी जागा उरतच नाही. पुढून येणाऱ्या गोळ्यांना इंजिन आणि उतरते चिलखत आडवे येते, आणि वेगाने पुढे धावणाऱ्या गाडीवर मारा पुढूनच होणार. प्रत्येक निर्णय वेगळा काढून पाहिला तर समंजस आहे. फक्त मूळ वाक्य खरे असेल तोवर. वाक्य खोटे ठरले की सगळे समंजस निर्णय एकदम आतल्या माणसांवर उलटतात.

वाक्याची पहिली परीक्षा ऑक्टोबर १९७३ मध्ये झाली, इजिप्त आणि सीरिया यांच्या इस्राएलशी झालेल्या युद्धात. अणुबॉम्ब पडला नाही. मैदान युरोपचे नव्हते, सिनाईचे वाळवंट होते. गाडीचा गुणही दिसला. सुएझ कालव्याच्या उत्तर भागात, कांताराजवळच्या खारट दलदलीत, जिथे जड रणगाडे रुतले असते, तिथून या हलक्या गाड्या गेल्या. पण बंद पेटीत वाळवंटाचा उकाडा सोसवेना. बाजूचे आणि मागचे चिलखत जड मशीनगनच्या गोळ्यांनीही फुटू लागले. उड्या खात धावणाऱ्या गाडीच्या जंगीतून नेम धरणे म्हणजे चालत्या बैलगाडीतून सुईत दोरा ओवण्यासारखे. त्या युद्धानंतर सोव्हिएत लष्करी नियतकालिकांत जोरदार वाद झाला : शिपायांनी आत राहून लढायचे की उतरून? कागदावर हा डावपेचांचा प्रश्न होता. आतल्या आठ जणांपुरता तो जगण्या-मरण्याचा होता.

दुसरी परीक्षा अफगाणिस्तानची. इथे ते वाक्य पुरतेच खोटे ठरले. शत्रूकडे रणगाडे नव्हते, म्हणून रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राला गिऱ्हाईक नव्हते. शत्रू समोर नव्हता. वर होता, डोंगराच्या कड्यावर. ७३ मिलिमीटरच्या तोफेची नळी तेवढी वर उचलत नव्हती आणि तिचा अचूक मारा तेवढा लांब जात नव्हता. पोहायला नदी क्वचितच. किरणोत्सार नाही, पण बंद करून बसावे तर भट्टी.

आणि शत्रू वर होता तसाच खालीही होता. भूसुरुंग! गाडीचा तळ सपाट, आणि जमिनीपासून त्याची उंची एका हातापेक्षाही कमी. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग या गाडीखाली फुटला की पातळ तळ फाटे आणि स्फोटाचा दाब बंद पेटीत कोंडे. जी पेटी बाहेरची विषारी हवा आत येऊ नये म्हणून घट्ट बंद केली होती, तीच आता आतला स्फोट बाहेर जाऊ देईना. आत बसलेल्यांची आशा फार थोडी. टपावर बसलेला मात्र फेकला जाई. हातपाय मोडत, कानठळ्या बसत, पण अनेकदा जीव वाचे. टपावर गोळीची भीती होती, हे खरं. पण गोळीला निदान नेम लागतो, आणि गोळी सुरू झाली की उडी मारून गाडीआड जाता येतं. शिपायांनी हिशेब केला आणि ते वर चढून बसले.

हे शिपाई कोण होते? सक्तीच्या सैनिकी सेवेतली अठरा-वीस वर्षांची मुलं, दोन वर्षांसाठी आलेली. आराखड्यावर त्यांचे मत कोणी विचारले नव्हते आणि ते मांडायला त्यांच्याकडे जागाही नव्हती. नियमपुस्तिका आत बसायला सांगत होती. टपावर चढून बसणे हीच त्यांची टीका, आणि आमच्या मते त्या गाडीवरची ती सर्वांत अचूक टीका होती. मघाचा प्रश्न आठवा : वस्तू कशासाठी आहे हे कोण ठरवतो? घडवणाऱ्याने ठरवले होते की ही गाडी शिपायाला पोटात घेऊन वाचवण्यासाठी आहे. शिपायाने ठरवले की ही गाडी बसून जाण्याचा ओटा आहे.

अशाच टपावर बसण्याच्या घटना व्हिएतनाममध्ये अमेरिकी एम-११३ वरही घडल्या होत्या, त्याच सुरुंगांच्या भीतीने. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या राजवटी, आणि शिपायाचा निष्कर्ष एकच. यावरून एवढे तरी कळते की हा दोष कोणा एका विचारसरणीचा नव्हता.

सोव्हिएत वरिष्ठांनी याची दखल घेतली नाही असे नाही. पण कशाची घेतली, ते बघा. १९८० मध्ये बीएमपी-२ आली. तिची ३० मिलिमीटरची तोफ भराभर मारा करणारी आणि ७४ अंशांपर्यंत वर उचलणारी, म्हणजे डोंगराचा प्रश्न सुटला. आधीच्या रचनेत कमांडर चालकाच्या मागे असे आणि उजवीकडचे दृश्य टरेटच्या आड जाई; आता त्याला वर टरेटमध्ये तोफचीशेजारी आणले. मागची माणसे आठावरून सातावर आली. अफगाणिस्तानासाठी बाजूला जादा चिलखत लावलेला नमुनाही निघाला. त्याने पोहणे सोडून दिले. सुधारणा खऱ्या होत्या. पण मूळ ठेवण, सपाट तळ, पाठीमागची टाकी, पोकळ दारे, तशीच राहिली. आणि शिपाई बीएमपी-२ च्याही टपावरच बसले. १९८७ मध्ये आलेल्या बीएमपी-३ वर तर १०० आणि ३० मिलिमीटरच्या दोन तोफा एकत्र बसवल्या. तोफेविषयीच्या तक्रारीला पुन्हा पुन्हा उत्तर मिळाले. तळाविषयीच्या तक्रारीला मिळायला फार वेळ लागला.

एवढ्याने भागले नाही. ३१ डिसेंबर १९९४ रोजी रशियन सैन्य चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी इथे शिरले. मायकोपहून आलेली १३१ वी ब्रिगेड रेल्वे स्थानकापर्यंत गेली आणि तिथे घेरली गेली. तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून खांद्यावरची अस्त्रे डागली जात होती. ब्रिगेडच्या बहुतेक चिलखती गाड्या तिथे नष्ट झाल्या, आणि ब्रिगेडचे प्रमुख कर्नल इवान साविन मारले गेले. तिथे एक विचित्र गोष्ट घडली होती. तुकड्या घाईघाईने उभ्या केलेल्या. अनेक गाड्यांत चालक होता, तोफची होता, पण उतरून लढणारे शिपाई पुरेसे नव्हतेच. पायदळाची गाडी, आणि त्यात पायदळ नाही! गाडीतली तोफ म्हणजेच पायदळ, असा समज कुठेतरी रुजला होता. गल्लीतले घर गाडीला तपासता येत नाही. त्याला दार ढकलून आत जाणारा माणूस लागतो.

इतरांनी काय केले? अमेरिकेची ब्रॅडली १९८१ मध्ये आली. तिच्याही बाजूंना जंग्या होत्या, चिलखत ॲल्युमिनियमचे. अमेरिकी वायुदलातले कर्नल जेम्स बर्टन यांनी आग्रह धरला की गाडीत खरे इंधन आणि खरा दारूगोळा भरून तिच्यावर खरी अस्त्रे डागून पाहा. सैन्यदलाशी त्यांचा मोठा संघर्ष झाला. बर्टन यांच्या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. पण त्या वादातून अशा चाचण्यांची सक्ती करणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने केला आणि ब्रॅडलीत बदल झाले : जादा चिलखत आले, आत उडणाऱ्या तुकड्या अडवणारे अस्तर आले, आणि बाजूच्या जंग्या झाकल्या गेल्या. जंग्या झाकल्या, म्हणजे आतून लढण्याची मूळ कल्पनाच सोडून दिली. वजन सुमारे २३ टनांवरून ३० टनांकडे गेले आणि पोहणे गेले.

इस्राएलने याहून टोकाचे उत्तर दिले. १९८२ च्या लेबनॉन युद्धात एम-११३ ची दशा पाहून त्यांनी शत्रूकडून जिंकलेल्या टी-५४ आणि टी-५५ रणगाड्यांचे टरेट उतरवले, इंजिन बदलून मागे वाट काढली आणि त्यात शिपाई बसवले. ही 'अख्झारित', वजन ४४ टन. पुढे 'नमेर' आली, मर्काव्हा रणगाड्याच्या सांगाड्यावर, ६० टनांच्या घरातली. सायमंड्स यांची कांगारू पुन्हा जन्माला आली म्हणा ना. पण ६० टनांची गाडी प्रत्येक पुलावरून जात नाही, नदी पोहत नाही, आणि किमतीमुळे प्रत्येक शिपायाच्या वाट्याला येत नाही. त्यांचे रणांगण घराच्या अंगणाइतके जवळ आहे, म्हणून त्यांना ते परवडते.

आता आपल्याकडे वळू, कारण ही गाडी आपल्या दाराशीही आहे. भारतीय सैन्याने बीएमपी-१ सत्तरच्या दशकात घेतली. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे जनरल के. सुंदरजी यांची दृष्टी होती. पहिली मद्रास, पहिली शीख अशा जुन्या नामांकित पलटणी त्यात घेतल्या गेल्या. या रेजिमेंटचे केंद्र अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आणि ज्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या अनेक पलटणी याच गाड्यांतून लढतात, तिचे केंद्र नागपूरजवळ कामठीला. म्हणजे देशभरातला या गाडीचा शिपाई महाराष्ट्राच्या मातीत घडतो. बीएमपी-२ चे भारतीय उत्पादन तेलंगणातल्या मेदक इथल्या आयुध निर्माणीत १९८७ च्या सुमारास सुरू झाले, आणि तिला नाव मिळाले 'सारथ'. विजयाचा रथ, असा त्याचा अर्थ सांगतात.

आपल्याकडे या गाडीचा अर्थ पुन्हा बदलतो. पंजाब आणि राजस्थानच्या सीमेवर कालवे आहेत, पाण्याचे अडथळे आहेत. तिथे पोहणारी हलकी गाडी ही चैन नाही, गरज आहे. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये तणाव वाढला तेव्हा बीएमपी-२ तिथेही होती, आणि तिथल्या उंचीवर हलकेपणाचेच मोल. म्हणजे जो गुण अफगाणिस्तानात जीवघेणा ठरला तो इथे उपयोगाचा आहे. गाडी चांगली की वाईट, असा सरसकट निकाल देता येत नाही. कोणत्या जमिनीवर, कोणासमोर, हे आधी विचारावे लागते. तिची जागा घेणाऱ्या नव्या गाडीचा आपला प्रकल्प बरीच वर्षे रेंगाळला आहे. त्या विलंबावर चर्चा होते ती तोफ कोणती, क्षेपणास्त्र कोणते, कंत्राट कोणाला, याचीच. मागच्या बाकावर बसणाऱ्याने काय सांगितले, हे फारसे कानावर येत नाही.

युक्रेनच्या युद्धात या सगळ्या गाड्या एकत्र दिसतात. बीएमपी-१ आणि बीएमपी-२ दोन्ही बाजूंकडे. २०२३ पासून युक्रेनकडे ब्रॅडलीही आहेत. ब्रॅडली निकामी झाली तरी आतली माणसे चालत बाहेर आली, अशी वर्णने वारंवार आली आहेत; बर्टन यांच्या काळातल्या त्या कटकटीचा हिशेब इथे जमेला धरावा लागतो. बीएमपीच्या टपावरचे शिपाई अजूनही दिसतात. पण आता आकाशातून छोटी ड्रोन येतात आणि ती वरूनच मारतात. टपही सुरक्षित राहिला नाही. गाड्यांवर जाळ्या आणि पिंजरे बसवले जात आहेत, कित्येकदा तिथल्या तिथे, शिपायांच्या हातांनी. आराखड्याची दुरुस्ती पुन्हा एकदा वापरणाराच करतो आहे.

तर निष्कर्ष काय? यंत्र घडवताना भविष्याविषयी काहीतरी गृहीत धरावेच लागते. त्याला इलाज नाही. इसाकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गृहीत धरले ते त्या काळात वेडेपणाचे नव्हते. तसे युद्ध झाले असते तर कदाचित ही गाडी आदर्श ठरली असती. आणि ते युद्ध झाले नाही याबद्दल आपण सगळ्यांनी आभारच मानायला हवेत. दोष आम्हाला दिसतो तो पुढचा. गृहीत खोटे ठरल्याची बातमी सर्वांत आधी ज्याला कळते, त्याचे ऐकण्याची वाट कुठेच बांधलेली नसते. अफगाणिस्तानात ती बातमी दहा वर्षे प्रत्येक छायाचित्रात दिसत होती. ती वाचायला तज्ज्ञ लागत नव्हता. मुले आत का बसत नाहीत, एवढे विचारणारा कोणी लागत होता.

आणि हे लष्करापुरते ठेवू नका. दवाखाना, शाळेची इमारत, सरकारी योजना, कशाचेही असेच असते. आपण ज्यांच्यासाठी काही बांधतो ती माणसे आत न येता बाहेरच बसलेली दिसली, तर त्यांना नियम समजावण्याआधी एकदा आत जाऊन त्यांच्या जागेवर बसून पाहावे.

एवढे बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.